पुढचे ब्रेक पॅड ८,७०० किमीत संपले, ते पण फक्त डावीकडचे. गॅरेजवाला म्हणतो घोडबंदरचं ट्रॅफिक

कोलशेतकर
मंडळी जरा डोकं लावा, पोस्ट लांब आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

गाडी स्विफ्ट पेट्रोल, २०१८ ची, पहिल्यापासून माझ्याकडेच. पुढे डिस्क, मागे ड्रम. कंपनीतून आलेले पुढचे पॅड ५२ हजारापर्यंत आरामात गेले. जूनमध्ये पाऊस लागायच्या आधी ५२,३०० ला बदलले, घराजवळच्याच एका गॅरेजमध्ये. नाव लिहीत नाही, उगाच इथे भांडणं नकोत. पॅड, डिस्क लेथवर मारणे (यंत्रावर घासून सपाट करणे) आणि 'ब्रेक सर्व्हिसिंग' असं सगळं मिळून ५,८०० घेतले. पक्कं बिल नाही, वहीच्या कागदावर पेनने लिहिलेलं एस्टिमेट आणि पैसे यूपीआयने.

आता ६१ हजारला डावीकडून कर्र कर्र आवाज सुरू झाला. त्याच्या आधी दोनेक महिने काही ना काही चालू होतंच पण मी दुर्लक्ष केलं, चूक माझी. मायलेज १५ वरून साडेबारावर आलं, मला वाटलं एसी. डावं पुढचं अलॉय चाक काळं पडायचं, रविवारी धुतलं की बुधवारी परत तसंच, उजवं मात्र चकाचक. एकदा गायमुखचा घाट उतरून खाली आल्यावर जळका वास आला तर बायको म्हणाली पुढच्या ट्रकचा आहे, मी पण मान्य केलं कारण तेच सोयीचं होतं. आणि एक विचित्र गोष्ट, रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग सैल सोडलं की गाडी डावीकडे जाते आणि ब्रेक मारला की उजवीकडे ओढते. हे कसं काय?

गॅरेजवाल्याकडे गेलो तर चाक न काढताच म्हणाला, साहेब रोज घोडबंदरला गाडी चालवता, मेट्रोचं काम, माजिवडा कापूरबावडी सगळीकडे ब्रेकवर पाय, पॅड बिचारे काय करणार. मी म्हटलं मग डावंच का, तर म्हणे डावीकडे खड्ड्यातलं पाणी जास्त लागतं. आता नवीन पॅड आणि दोन्ही डिस्क बदला, ९,५००.

काल रात्री पार्किंगमध्ये जॅक लावून मीच चाक काढलं. बाहेरच्या बाजूचा पॅड वरच्या टोकाला जेमतेम १ मिमी राहिलाय आणि खालच्या टोकाला ४. म्हणजे तिरका झिजलाय, पाचरीसारखा. आतला पॅड बराच जाड दिसतोय, साधारण ७. उजवीकडे दोन्ही पॅड ८ च्या आसपास. बदलू का सरळ सगळं? की आधी काही बघायचं?

ऐरोली_बाय_नाइट
भावा घोडबंदर म्हणजे ब्रेक, क्लच आणि कंबर तिन्हीची वाट. माझे पॅड २२ हजारात गेलेत, ऐरोली ते घोडबंदर रोज. लोकल पॅड टाकले असतील त्याने, ओरिजिनलच्या डब्यात लोकल माल सर्रास मिळतो. ओरिजिनल टाक आणि विसर. डिस्क आत्ताच बदलायची गरज नाही वाटत, ९,५०० म्हणजे लूट आहे.

पानापक्कड
ऐरोली, लोकल पॅड असते तर चारही सारखेच गेले असते ना. ट्रॅफिकचंही तेच, माजिवड्याच्या सिग्नलला डावं उजवं कळत नाही. ब्रेक मारला की दोन्ही पुढच्या चाकांना तेलाचं प्रेशर सारखंच जातं. उजवीकडे ८ आणि डावीकडे १, याला ट्रॅफिक म्हणणारा माणूस एकतर शिकाऊ आहे नाहीतर त्याला नक्की माहितीये की काय झालंय.

कोलशेतकर, तू चाक काढून माप घेतलंस हे फार बरं केलंस, अर्धं उत्तर तूच दिलंयस. पॅड कसा झिजलाय त्यावरूनच कळतं. डावी-उजवी दोन्ही बाजू सारख्या लवकर गेल्या तर पॅड हलके, किंवा मागचे ब्रेक काम करत नाहीयेत, किंवा चालवायची सवय. एकाच चाकाचे आतले बाहेरचे दोन्ही पॅड सारखे संपले तर त्या चाकात प्रेशर अडकून राहतंय, होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) वगैरे बघायचा. आतला एकटाच संपला तर पहिला संशय पिस्टनवर (तेलाच्या जोराने पॅड दाबणारा दट्ट्या), तो मागे जात नाहीये. आणि बाहेरचा संपला, ते पण तिरका, तर ९० टक्के कॅलिपरची (डिस्कला चिमट्यासारखा धरणारा भाग) पिन जाम आहे. दोनपैकी एक.

तुझ्या गाडीचा कॅलिपर सरकता आहे, म्हणजे पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोरावर अख्खा कॅलिपर आत सरकून बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर टेकवतो. हे सरकणं दोन पिनांवर होतं, वर एक खाली एक, प्रत्येकीवर रबराचा बूट. पाय काढला की कॅलिपर त्याच पिनांवरून किंचित मोकळा व्हायला पाहिजे, केसभरच, पण तेवढं पुरतं. एक पिन जाम झाली की जुन्या लाकडी कपाटाचा ड्रॉवर कसा एका बाजूला अडकून तिरका होतो, तसा कॅलिपर तिरका अडकतो आणि बाहेरचा पॅड एका टोकाने डिस्कला चिकटून राहतो. तू ब्रेकवर पाय नसताना पण ब्रेक मारत चालवतोयस गेले सहा महिने. मायलेज तिकडे गेलं तुझं.

डावी-उजवीचं कोडं पण त्यातच आहे. पाय नसताना डावं चाक धरून ठेवतंय म्हणून गाडी डावीकडे. जोरात ब्रेक मारला की डावा कॅलिपर अडकलेला असल्यामुळे नीट दाबत नाही, उजवा मात्र पूर्ण दाबतो, म्हणून गाडी उजवीकडे.

आता हे जूनच्या कामामुळे का? पुरावा बघायला पिन बाहेर काढावी लागेल पण माझा अंदाज, पॅड बदलताना त्याने खालचा एक बोल्ट काढला, कॅलिपर वर उचलला, पॅड टाकले, खाली पाडला, बोल्ट आवळला. वरच्या पिनेला हातच लावला नाही. १५ मिनिटांचं काम. 'सर्व्हिसिंग' म्हणजे पॉलिश पेपर आणि एअरचा फवारा.

घणसोली_गँग
चेक करायची सोपी ट्रिक, ५ किमी चालवून ये आणि पुढच्या दोन्ही डिस्कवर थोडं थोडं पाणी मार, जिथे चर्र होईल ते चाक पकडतंय 😄

पानापक्कड
अजिबात नको. तापलेल्या डिस्कवर गार पाणी टाकलं की डिस्क वाकडी होऊ शकते आणि मग ब्रेक मारताना पेडल थरथरतं. हात पण लावू नका, फोड येतात, स्वानुभव. अलॉयच्या जवळ नुसता हात नेला तरी समजतं. नाहीतर इन्फ्रारेड थर्मामीटर.

कोलशेतकर
थर्मामीटरवरून आठवलं, कोविडच्या वेळी सोसायटीने घेतलेलं कपाळाला लावायचं यंत्र वॉचमनच्या केबिनमध्ये अजून पडलंय. सेल टाकून आज ते वापरलं. हिरानंदानीपर्यंत जाऊन आलो, येताना शक्य तेवढा ब्रेक टाळला. उजव्या चाकाच्या नटाजवळ ४० दाखवलं. डावीकडे नुसतं 'हाय', पुढे आकडाच नाही, ताप मोजायचं यंत्र बिचारं. वॉचमनकाका म्हणाले साहेब गाडीला दवाखान्यात न्या.

नाना, तुम्ही इथे असता ना, तुम्ही सांगा की. एसटीवाल्या माणसाचं मत हवंय.

नाना_कळवा
बोलावलंस म्हणून लिहितो, टायपिंग सावकाश आहे, सांभाळून घ्या.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली, पण बसला हवेचे ब्रेक, ड्रम आणि लायनर, त्यामुळे तुमच्या कारच्या कॅलिपरचा मी काही डॉक्टर नाही. रिटायर झाल्यावर मुलाची गाडी, मेव्हण्याची गाडी असं करत करत शिकलो. पण चाक धरणे हा रोग सगळीकडे एकच, आणि तो शोधायची पद्धत पण एकच. उगाच पार्ट बदलत बसायचं नाही, दोष कुठे थांबलाय ते बघायचं.

पानापक्कड म्हणतो ते मला पटतं, तरी पिनच आहे असं धरून चालू नकोस. असं कर. गाडी चालवून आण, चाक गरम असतानाच पुढचं डावं जॅकवर घे, स्टँड लाव, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. न्यूट्रलला टाक आणि चाक हाताने फिरव. जड फिरतंय का? मग कॅलिपरवरचा एअर काढायचा निपल अर्धा आटा सैल कर, खाली बाटली धर. ब्रेक ऑइलची पिचकारी आली आणि चाक एकदम मोकळं झालं, तर आत प्रेशर कोंडलेलं होतं. मग होज आतून फुगून बंद होतोय किंवा मास्टर सिलिंडरकडे (पेडलच्या जोराने तेल ढकलणारा पंप) तेल परत जात नाहीये. होज आतून खराब झाला तर झडपेसारखा वागतो, पाय दाबला की तेल जातं, सोडला की परत येत नाही. पॅड बदलताना कॅलिपर होजवर लटकवून ठेवणारे महाभाग असतात, त्याने होज आतून तुटतो, बाहेरून काही दिसत नाही. आणि निपल सैल करूनही चाक जडच राहिलं, तर तेलाचा संबंध नाही, पिन नाहीतर पॅड ब्रॅकेटमध्ये (पॅड ज्यात बसतात ती चौकट) अडकलाय. एवढं झालं की निपल परत नीट आवळून, एअर काढून, मगच गाडी खाली घ्यायची.

दुसरं. पॅडचे दोन्ही बाजूचे कान ब्रॅकेटच्या खाचेत बसतात. तिथे गंज साठला की पॅड हाताने सरकत नाही. चांगला मिस्त्री तिथे कानस मारतो, ब्रश मारतो, पत्र्याची क्लिप नवीन घालतो. वाईट मिस्त्री हातोडीने पॅड ठोकून बसवतो. ठोकून बसलेला पॅड ठोकल्याशिवाय निघत नाही, हे डोक्यात ठेव.

पिस्टन परत का येतो हे पण सांगतो, कुणी सांगत नाही. त्याला स्प्रिंग नसते. त्याच्या भोवती चौकोनी छेदाची रबरी सील असते, ब्रेक मारला की ती पिस्टनबरोबर थोडी वाकते आणि पाय काढला की सरळ होते, आणि पिस्टनला केसभर मागे ओढते. एवढ्याशा रबरावर सगळा कारभार चालतो. म्हणून ब्रेकच्या रबराला भलतंसलतं ग्रीस लागता कामा नये.

वागळेवाला
मी गॅरेजच्या धंद्यात आहे म्हणून थोडी आमची पण बाजू.

पिन काढणे, जुनं ग्रीस धुणे, भोक आतून साफ करणे, बूट बघणे, क्लिपा बदलणे, याला एका चाकाला अर्धा पाऊण तास जातो, गंज असेल तर जास्त. गिऱ्हाईक येतं आणि विचारतं पॅड बदलायचे किती? मी म्हणतो लेबर ९००, तो म्हणतो समोरचा ३५० मध्ये करतो. मग समोरचा ३५० चं काम करतो. मी याचं समर्थन करत नाहीये, कोलशेतकरांनी तर ५,८०० मोजलेत आणि त्यात सर्व्हिसिंग लिहिलंय, म्हणजे त्याने काम चोरलंच. पण सगळ्याच गॅरेजवाल्यांना एका माळेत ओवू नका.

आणि लेथचं, डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर मिनिमम जाडी कोरलेली असते, ती वाचून मगच लेथवर घ्यायची की नाही ते ठरतं. ५२ हजारावर पेडल थरथरत नसेल आणि चर खोल नसतील तर लेथची गरजच नव्हती असं माझं मत. आधी डिस्क पातळ केली, मग इतके महिने एका बाजूने तापवली. जाडी मोजून घ्या. निळे डाग दिसतायत का?

शुभदा_नेरुळ
गाडीतलं मला फारसं कळत नाही पण असला अनुभव घेतलाय (माझं क्लचचं होतं), त्यामुळे पैशाचं सांगते.

परत त्याच गॅरेजमध्ये गाडी उघडायला देऊ नका. दुसरीकडे उघडा आणि उघडतानाच व्हिडिओ काढा, सलग, नंबर प्लेटपासून सुरू करून. जुने पॅड, पिन, बूट काहीही तिथे टाकून येऊ नका, पिशवीत घालून घरी आणा, घाण वाटली तरी. ज्याने उघडलं त्याच्याकडून काय दिसलं ते लेटरहेडवर लिहून घ्या, सहीशिक्क्यासकट. यूपीआयची नोंद आणि तो हाताने लिहिलेला कागद हा पुरावा धरता येतो, पक्कं बिल नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

आधी शांतपणे बोलून बघा. नाही ऐकलं तर १९१५ वर फोन, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, ठाण्यात आहेच, ऑनलाइन पण दाखल करता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षांची. माझं प्रकरण हेल्पलाइनवरच मिटलं, पण मला चार महिने लागले हे पण सांगते, लगेच काही होत नाही. ५,८०० साठी किती पळायचं ते तुम्ही ठरवा.

ऐरोली_बाय_नाइट
ओके माझं चुकलं, पॅडवर ढकललं मी. पण मग माझे २२ हजारात का गेले 🤔

पानापक्कड
चारही सारखे गेले होते का?

ऐरोली_बाय_नाइट
बघितलंच नाही रे. त्याने नवीन टाकले, जुने घेऊन गेला.

कोलशेतकर
अपडेट. शनिवारी वागळे इस्टेटमध्ये एका ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी उघडली, मी समोर स्टूल टाकून बसलो, शुभदाताईंनी सांगितल्याप्रमाणे मोबाइल चालू. त्याला आवडलं नाही सुरुवातीला, नंतर तोच मला म्हणाला इकडून घ्या साहेब, इकडून नीट दिसेल.

नानांनी सांगितलेली निपलची टेस्ट आधी केली. चाक दोन्ही हातांनी जोर लावून फिरवावं लागत होतं. निपल सैल केला, दोन थेंब आले, पिचकारी वगैरे काही नाही, चाक तसंच जड. म्हणजे तेल आणि होज दोन्ही निर्दोष.

मग खालचा बोल्ट काढला, कॅलिपर वर उचलायचा तर उचलेचना. वरची पिन. स्प्रे मारला, वीस मिनिटं चहा प्यायलो, मग पकडीने धरून डावी-उजवीकडे पिळत पिळत काढली. बाहेर आली तेव्हा निम्म्या भागावर लाल गंज आणि निम्म्या भागावर काळपट पिवळं चिकट ग्रीस, चाकाच्या बेअरिंगला लावतात तसलं. मिस्त्री वास घेऊन म्हणाला हे साधं ग्रीस आहे, हे इथे लावतच नाहीत. आणि रबराचा बूट बघाल तर भिजवलेल्या साबुदाण्यासारखा फुगलेला, बोटाने दाबला की दबतो आणि परत वर येत नाही. तोंडाची कड पिनेच्या खाचेत बसलेलीच नव्हती, दुमडून आत गेलेली. म्हणजे अख्खा पावसाळा पाणी आत. घोडबंदरला जुलैमध्ये किती वेळा गुडघाभर पाण्यातून गाडी काढली ते मला आठवतंय.

थोडक्यात पानापक्कडचा अंदाज निम्मा बरोबर. त्याने पिनेला हात लावला नव्हता असं नाही, लावला होता! न लावता तर बरं झालं असतं.

क्लिपांचं तर विचारूच नका. बाहेरच्या पॅडला वरची क्लिपच नव्हती. आणि नाना, तुमचं वाक्य अक्षरशः खरं, तो पॅड हातोडी आणि पेचकस लावूनच निघाला. कानावर ठोकल्याच्या जुन्या खुणा होत्या, चमकणाऱ्या.

डिस्कची जाडी व्हर्नियरने मोजली, सात आठ ठिकाणी. कोरलेल्या मिनिममपेक्षा पाव मिमी वर. बाहेरच्या बाजूला दोन निळसर डाग. मिस्त्री म्हणाला चालेल पण पुढच्या पॅडबरोबर नक्की जाणार, हे पॅड पण तिच्यावर नीट बसायला वेळ लागेल. मी विचार केला आणि दोन्ही डिस्क बदलल्या, परत परत उघडायची हौस नाही. पॅडचा सेट, दोन डिस्क, पिन आणि बुटांचं किट दोन्ही बाजूचं, क्लिपा, ब्रेक ऑइल डॉट ४, सगळं मिळून ८,९०० आणि लेबर १,४००. पक्कं बिल. उजवीकडची पिन पण काढायला लावली, तिथे पण तेच पिवळं ग्रीस, पण बूट नीट बसलेला होता म्हणून पाणी गेलं नव्हतं. म्हणजे अजून सहा महिन्यांनी मी इथे उजवीकडची पोस्ट टाकली असती.

पानापक्कड
निम्मा काय, बूट दुमडला म्हणजे पिन त्याने अर्धवट ओढून परत खुपसली असणार. पण ठीके, निम्मे मार्क घेतो.

ग्रीसचं सांगतो कारण हे खूप लोक चुकतात. साध्या ग्रीसमध्ये पेट्रोलियमचं तेल असतं, ब्रेकच्या रबराला ते चालत नाही, रबर ते शोषून घेतं आणि फुगतं. पिनेला सिलिकॉन ग्रीस किंवा डब्यावर ब्रेकच्या रबरासाठी असं स्पष्ट लिहिलेलं ग्रीसच. तांब्याच्या रंगाचं ग्रीस मिळतं ते पण पिनेला नाही, तो वेगळा प्रकार आहे. आणि खूप पण भरायचं नाही, भोकात ग्रीस गच्च भरलं तर पिन आत जाताना मागची हवा निघत नाही आणि पिन परत बाहेर येते. पातळ थर पुरे.

घणसोली_गँग
आणि तो जो स्प्रे मारून पिन काढली, तो स्प्रे धुऊन काढलाय ना? तो पण तेलकटच असतो.

कोलशेतकर
हो, पिना नवीनच टाकल्या आणि भोकं ब्रेक क्लीनरने धुतली, दोरीसारखं फडकं आतून फिरवून. फडकं तीन वेळा लाल निघालं.

नाना_कळवा
छान केलंस. आता पहिले दोन-तीनशे किमी जोरात ब्रेक मारू नकोस, नवीन पॅड आणि नवीन डिस्क एकमेकांना बसू देत. आणि पॅड बदलल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल चार-पाच वेळा दाबून कडक करून घ्यायचं असतं, मिस्त्रीने केलं असेलच. आमच्या कॉलनीत एकाने घरी पॅड बदलले, पेडल न दाबता गाडी रिव्हर्स घेतली, आणि सरळ मागच्या तुळशी वृंदावनावर. देवीला पाच नारळ दिले नंतर.

शुभदा_नेरुळ
पहिल्या गॅरेजचं काय झालं ते सांगितलंच नाहीत?

कोलशेतकर
सांगतो, मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. रविवारी सकाळी पिशवी घेऊन गेलो. पॅड टेबलवर ठेवला, पिन ठेवली, फुगलेला बूट ठेवला. एक शब्द बोललो नाही. मालक होता, ज्याने काम केलं तो पोरगा पण होता, साधारण विशीतला. मालकाने पिन उचलली, वास घेतला, आणि पोराकडे बघितलं. पोरगा म्हणाला, शेठ ते मोठ्या डब्यातलं लावायला तुम्हीच सांगितलं होतं.

त्यानंतर मिनिटभर कुणीच काही बोललं नाही. मग मालकाने ३,००० परत दिले. यूपीआयने, म्हणजे नोंद आहे. बाकीचे मागितले नाहीत. हेल्पलाइनला गेलो असतो तर कदाचित पूर्ण मिळाले असते, पण शुभदाताई तुमचे चार महिने वाचूनच दमलो होतो. शिवाय तो मोठा डबा त्याने माझ्यासमोर रॅकवरून काढून खाली ठेवला. परत वर ठेवला असेल तर माहीत नाही.

मायलेज अजून टाकी संपली की सांगतो. डावं अलॉय चार दिवस झाले, स्वच्छ आहे.

वागळेवाला
पोराचं बरोबर आहे, आमच्या धंद्यात डबा एकच असतो बऱ्याच ठिकाणी. बेअरिंगला पण तेच, बिजागरीला पण तेच आणि ब्रेकला पण तेच. सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब जवळ ठेवा, काम करून घेताना ती मिस्त्रीच्या हातात द्या. कुणी राग मानत नाही, मानला तर दुसरीकडे जा.

ऐरोली_बाय_नाइट
मी काल रात्री चाक काढलं. उजवीकडचा आतला पॅड ३, बाहेरचा ७. डावीकडे दोन्ही ६. पिन हाताने मस्त सरकतायत, दोन्ही. 😐

पानापक्कड
आतला... मग पिस्टन बघ. त्याचा रबरी बूट कुठे फाटलाय का? ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतंस?

ऐरोली_बाय_नाइट
ब्रेक ऑइल बदलायचं असतं?

नाना_कळवा
नवीन धागा काढ रे बाबा. आणि येताना ऑइलच्या डबीचा फोटो टाक, रंग बघू आधी.